सरकीची भिंत

लग्न पाहावं करून अन् घर पाहावं बांधून, असं म्हणतात. लग्न तर पोरीचं करून पाह्यलं होतं. घर बांधणं काय असते ते मले त्या साली कळलं, जवा होळीची एक ठिणगी उडाली अन् आमच्याच छपरावर येऊन बसली.

आता ठिणगी काय, घागरभर पाण्यानं विझते. पण आमच्या घरात माणसाले उभं राहाले जागा नव्हती, एवढा कापूस कोंबला होता. पार आढ्यापर्यंत! तिकडं सातासमुद्रापार कोणा गोऱ्यायची आपसात लढाई जुंपली होती म्हणे, अन् त्यायच्या भांडणापायी आमच्या वऱ्हाडातल्या कापसाले सोन्याचा भाव आला होता. आमचे मालक म्हणाले, "आणखी चढन, थांब." गाव त्यायले नत्थुजी म्हणते, मी काही नाव घेत नाई. थांबलो आमी. कापसाच्या भ्यावानं चूलसुद्धा मी बाहेर अंगणात काढली होती. पण आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! सारं गाव होळीभोवती तोंडावर हात मारून बोंबलून राह्यलं होतं. त्यात आमची खरी बोंब कोणाले ओळखू येते बाप्पा? मी ऊर फुटेस्तोवर बोंबलली, अन् लोक म्हणे, मैनाबाई यंदा लय रंगात आली.

लोक धावत येईपर्यंत आढं खाली आलं होतं. जोतं राह्यलं, अंगणातली चूल राह्यली अन् मागचा ढोरायचा कोठा राह्यला. त्या कोठ्यात आमी राहाले लागलो, एकीकडं गाय अन् एकीकडं आमी दोघं.

कापूस गेला, भांडीकुंडी गेली, त्याचं मी रडली नाई. रडू आलं ते कौशल्यासाठी. एकुलती एक पोरगी माही, अकोल्याच्या अलीकडं दिलेली. गेल्या साली तिचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं, काहून की कापसाच्या धामधुमीत तिले माहेरी धाडाले कोणालेच सवड नव्हती. त्यायच्या घरी रेचे हायेत. रेचा म्हणजे कापसातली सरकी काढाचं लाकडी यंत्र. एकीनं कापूस घालायचा, दुसरीनं दांडी फिरवायची. माही पोटुशी पोरगी पोटात कळ येईपर्यंत दांडी फिरवत होती. लेकरू झालं, पण रडलंच नाई. मले निरोप भेटला तवा सगळं आटपलं होतं.

तवाच मी मनाशी गाठ मारली. दुसऱ्या खेपेले पोरगी माह्या घरी, माह्या डोळ्यापुढं. सातवा लागला की आणायची ठरलं होतं, अन् सातव्यातच घर जळलं.

मंग इवायाचा निरोप आला. इवाई म्हणजे कौशल्याचा सासरा, सूर्यभानजी. त्यायचा गाडीवान सांगून गेला, "घर नाई, तर पोरगी काय ढोराच्या कोठ्यात बाळंत होईन? वैशाखात आमच्या गाड्या कापूस घेऊन अमरावतीले जातीन. पोरीले सोबत आणतो. चार कोरड्या भिंती अन् वर छप्पर दिसलं तर तुमच्याकडं ठेवून जातो. नाई तर तशीच वापस नेतो."

बोलणं रास्त होतं. त्यात चूक काढाले जागा नव्हती. पण मी बोटावर महिने मोजले. वैशाख म्हणजे नववा. त्या वक्ती पोरगी वापस गेली, तर पुन्हा ती दांडी अन् पुन्हा ते न रडणारं लेकरू. या बारीनं पोरगी तरी हाती लागन काय, कोणाले माहीत?

मी मालकायले सांगतलं, "वैशाखात घर उभं पाहिजे. कसंही करा."

गाव चांगलं हो आमचं. कोणी बांबू दिले, कोणी दोरी वळून दिली. वावरातली बाभूळ तोडली, अर्धी जळालेली लाकडं तासून घेतली. माती गढीखालून आणली, पांढरीची. काळी वावराची अन् पांढरी घराची, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालेही माहीत हाय. काळ्या मातीची भिंत उन्हाळ्यात तडकते अन् पावसाळ्यात फुगते. सगळं जमलं, अडलं ते काडीपाशी. मातीच्या गाऱ्यात कडब्याची नाई तर गवताची काडी लागते, तवा भिंत एकमेकीले धरून राहाते. अन् काडी गावात नव्हती! साऱ्यायनं ज्वारी सोडून पऱ्हाटी, म्हणजे कापूसच, पेरली होती, तर कडबा कुठून येईन? बांधावरचं गवतसुद्धा अमरावतीच्या रस्त्यानं जाणाऱ्या कापसाच्या गाड्यायच्या बैलायनं ओरबाडून खाल्लं होतं.

कडब्याची गंजी साऱ्या गावात एकच होती, आमच्या शेजारी पुंजारामभाऊजीच्या अंगणात.

त्यानं पेरणीच्या वक्ती आपली ज्वारीच पेरली होती. गाव हसलं त्याले. मी तर विहिरीवर बायांच्या मेळ्यात त्याच्या बायकोले, तानुबाईले, म्हटलं होतं, "काहून वं, तुह्या नवऱ्याले चांदी चावते काय?" आता तोंड हाय, तर बोलते माणूस! पण तानुबाई घागर उचलून गेली, ती पुन्हा आमच्या अंगणात आली नाई. होळीच्या रात्री पाणी टाकाले मात्र नवराबायको दोघंही आले होते, हे खोटं नाई.

मी मालकायले म्हटलं, "जा, भाऊजीले कडबा मागा. अडला हरी गाढवाचे पाय धरी."

ते म्हणाले, "पुंजाराम गाढव असता तर गेलोही असतो. तो शहाणा निघाला, म्हणून जावत नाई."

"मंग भिंत काय तुमच्या अकडीची बांधता?"

ते पागोटं बांधून बाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशी डोक्यावर पोतं घेऊन आले अन् जोत्यावर ओतलं. पाहते तं सरकी! सरकीचे त्या साली गावात उकिरडे पडले होते. जिथं रेचा तिथं सरकीचा ढीग, ढोरं तरी खाऊन खाऊन किती खातीन?

"पाह्य," म्हणाले, "सरकीले बारीक रेशा असते. माती कशी गच्च धरन!"

"अन् उगवली म्हणजे?"

"हातभर जाड भिंतीत कुठं उगवते? आतल्या आत दम घुटून मरन ते."

आता मी काय कमी शेत केलं काय? मले कळाले नको? पण माह्या डोळ्यापुढं वैशाख नाचून राह्यला होता. जे हातात हाय त्यानं भिंत उभी कर, एवढंच मले सुचत होतं. मी लुगड्याचा कासोटा खोचला अन् गारा तुडवाले उतरली. माती, शेण, पाणी अन् सरकी. टोंगळ्यापर्यंत चिखलात दोघं नवराबायको, जसे काही नव्या लग्नाचे!

थरावर थर चढत गेला. भिंती उभ्या राह्यल्या, वर बांबू पडले, त्यावर पळसाची पानं अन् माती. आमचे मालक जोत्याखाली उभे राहून मिशीले पीळ द्याले लागले. मी मात्र रोज उठल्याबरोबर भिंतीले तळहात लावून पाहो. वैशाखाचं ऊन असं, की उघड्यावर टाकलेली पापडी दुपारपर्यंत मोडावी, पण भिंत आपली गारच. बाहेरून कोरडी दिसे, अन् बोट दाबलं की आत ओल. मी दिवसातून किती बारी हात लावे, कोणाले माहीत. झोपेतून उठून लावे. भाकर थापताना मधीच उठून लावे. मालक म्हणत, "तुह्या हाताच्या घामानंच ओली राहून राह्यली ते." मस्करी करत, पण तेही चोरून हात लावून पाहत, हे मले दिसे.

मंग वास सुटला. आंबूस, पडीक घाण्यासारखा. मंग भिंतीले इथं तिथं फुगवटे आले. अन् एक दिवशी सकाळी मी शेणाचा हात फिरवाले गेली, तं माह्या बोटाले काही तरी कवळं लागलं. डोळे चोळून पाह्यलं. भिंतीतून दोन पानं बाहेर आली होती, हिरवीगार. जरा वर आणखी दोन. कोपऱ्यात तं अख्खी रांग!

"मायबाई वं!" मी खालीच बसली.

मी ते कोंब उपटाले लागली. एक उपटला की मुठभर माती घेऊन निघे. सोडला तर हिरवा दिसे, उपटला तर भोक पडे. मालक आले, पाह्यलं, अन् डोक्यावरचं पागोटं काढून हातात धरून उभे राह्यले, जसं कोणी मेलं घरात. मले असा राग आला!

"दम घुटून मरन म्हणे! घ्या आता, वेचणीले बाया सांगा!"

कुंपणापलीकडून पुंजारामभाऊजीचा आवाज आला. "वहिनी, लोक मृगात पेरणी करतात. तुमी वैशाखातच उरकली काय?"

मी उपटलेले कोंब पदराआड केले. तो जवळ आला, भिंत पाह्यली, अन् त्याचं हसू गेलं. म्हणाला, "पेराच्या आधी सरकीले आपण शेणमाती चोळतो ना, दाणा मोकळा व्हावा म्हणून? तुमी तेच केलं, अन् वरून पाणी पाजलं. अहो, वावरात एवढी चांगली उगवत नाई." मंग मालकायकडं पाहून म्हणाला, "नत्थुदादा, हे भिंत पाडा लागन. आत सारी पोकळ होईन. अंगावर येईन कोणाच्या."

"पाडू मंग," मालक म्हणाले. "पण नवी उभी राहेपर्यंत पोरीचा सासरा आला तर?"

त्याच दुपारी गावचा गुराखी सांगत आला, की बडनेऱ्याच्या रस्त्याले कापसाच्या गाड्यायची रांग लागली हाय, अन् त्यातली एक छकडी इकडं वळली हाय.

मी काय केलं सांगू? चपला नाई, डोक्यावर पदर नाई, तशीच पुंजारामच्या अंगणात गेली. तानुबाई सूप पाखडत बसली होती. मी म्हटलं, "तानुबाई, मी लय वाईट बोलली होती. मले कडबा दे. माही पोरगी घेऊन चालला तो."

तानुबाईनं सूप बाजूले ठेवलं. उठली, गंजीतल्या पेंढ्या ओढल्या अन् आपल्याच डोक्यावर घेतल्या. पुंजारामनंही घेतल्या. त्यायनं कडबा आमच्या अंगणात आणून टाकला. पण पुंजाराम हळूच म्हणाला, "वहिनी, कडबा पायजे तेवढा न्या. पण भिंत आज नाई उभी राहात." मले का कळत नव्हतं? बुडत्याले काडीचा आधार म्हणतात. माह्यापाशी तर आता ढीगभर काड्या होत्या.

छकडी आली. पुढं सूर्यभानजी, पांढरं शुभ्र धोतर, बैलायच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या. पण बैलायच्या फासोळ्या मोजून घ्याव्या, असे वाळलेले. मागं बांबूच्या ताटव्याच्या सावलीत माही कौशल्या, डोक्यावरून पदर ओढलेला. सासऱ्यापुढं बोलता येत नाई, म्हणून नुसती माह्याकडं पाहून राह्यली होती. तोंड सुजलेलं, डोळ्याखाली काळं. चार बाया जमल्या, गडी जमले.

सूर्यभानजी उतरले. पाणी दिलं, प्याले नाई. सरळ भिंतीपाशी गेले. मी सकाळपासून कोंब खुडून खुडून शेणानं लिंपले होते, पण त्या मेल्यायनं शेणातूनही माना काढल्या होत्या. सूर्यभानजीनं बोटानं एक कोंब हलवला. मंग भिंतीले अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

मी त्यायच्या तोंडाकडं पाहत होती. मनात म्हणत होती, आता रागावतीन, आता हसतीन, आता सोयऱ्यायची अब्रू काढतीन. मी हात जोडाच्या तयारीत होती. पण त्यायच्या तोंडावर राग नव्हता. त्यायले हायसं वाटलं होतं! बाजारात हरवलेलं ढोर सापडलं म्हणजे माणसाचं तोंड जसं सैल होते, तसं त्यायचं तोंड सैल झालं. तवा माह्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या माणसाले पोरगी ठेवायचीच नव्हती. सागवानाचा महाल बांधला असता, तरी यानं एखादा ओला कोपरा धुंडूनच काढला असता. अन् मी बह्याड, एवढे दिवस भिंतीले हात लावून लावून मरून राह्यली होती!

"हे घर नाई, हे वावर हाय," सूर्यभानजी गोड आवाजात म्हणाले. "तुमचा दोष नाई, नत्थुजी. दैवानं मारलं तर माणूस काय करन? पोरीले मी घेऊन जातो. बाळंत झाली की निरोप धाडू."

मालक मान खाली घालून म्हणाले, "आता तुमी म्हणान तसं."

"कोणी म्हणन तसं नाई," मी म्हटलं.

छकडीपाशी गेली. जुवाच्या खिळी काढल्या, जोत सोडले. बाईनं पाव्हण्याचे बैल सोडणं, हे आमच्या गावात कोणी पाह्यलं नव्हतं. मले वाटलं होतं, बैल धरून कोठ्यात बांधीन अन् दारात आडवी बसीन. पण बांधाची पाळीच आली नाई. बैलायले कडब्याचा वास लागला. त्यायनं माह्याकडं पाह्यलं नाई, आपल्या धन्याकडं पाह्यलं नाई. सरळ अंगणातल्या त्या पेंढ्यात तोंड खुपसलं. जसे जन्मात कडबा पाह्यला नव्हता!

"हे काय चालवलं?" सूर्यभानजी ओरडले. गाडीवान कासरा ओढाले धावला. कासरा ओढला, शेपूट पिळलं, काठी मारली. बैल हलतीन तर शपथ. लोक हसाले लागले.

"मारू नको रे," पुंजाराम म्हणाला. "उपाशी जनावर हाय. खाऊ दे पोटभर. कडबा माहा हाय."

सूर्यभानजी चारचौघायपुढं अडकले होते. "बरं, बरं. खाऊ द्या," म्हणाले. "बैलायचं पोट भरलं की निघू."

तवा माह्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोलली नाई. "इवाईबुवा, बैल उपाशी हाय म्हणून थांबता. त्याचं पोट भरेपर्यंत जू उतरवता. माह्या पोरीचं जू कवा उतरवसान?"

"कशाचं जू?" ते चिडले. "अन् रेचा कोण फिरवन मंग? भाव काय जन्मभर राहाणार हाय असा? घरात हात कमी हायेत, तुमाले काय—"

बोलता बोलता थांबले. पण बोलून बसले होते. साऱ्या गावानं ऐकलं. एक म्हातारी 'राम राम' म्हणत तोंडाले पदर लावून मागं सरली. मालकायनं मान वर केली. माह्या उभ्या जन्मात त्यायले मी असं पाह्यलं नव्हतं. ते छकडीजवळ गेले, हात पुढं केला अन् म्हणाले, "कौशल्या, उतर माय."

पोरीनं एकदा सासऱ्याकडं पाह्यलं. मंग बापाच्या हातात हात दिला. अन् मालकायनं तो हात उलटा करून पाह्यला, तसाच धरून मले दाखवला. तळहाताची कातडी सोलून पुन्हा आलेली, पुन्हा सोललेली. त्या दिवशी निघाच्या वक्तापर्यंत पोरीनं दांडी सोडली नव्हती. नववा महिना अन् दांडी! मी इवायाकडं पाह्यलंच नाई. पाह्यलं असतं तर माह्या हातून काही तरी झालं असतं.

सूर्यभानजी बैल खाऊन होईपर्यंत बांधावर एकटेच बसून होते. कोणी त्यायच्याशी बोललं नाई. मंग त्यायनं बैल जुपले अन् रिकामी छकडी घेऊन रस्त्याले लागले. जाताना एवढंच म्हणाले, "नात झाली तरी कळवा." वाईट माणूस होता असं नाई म्हणत मी. भावानं डोकं फिरलं होतं त्यायचं, जसं आमच्या साऱ्यायचं फिरलं होतं.

ते वळणाआड गेले नाई तो आमच्या मालकायनं पहार घेतली अन् भिंत पाडाले लागले. पुंजाराम आला, बाकीचे गडी आले. बैलायनं खाऊन उरला तेवढा कडबा तानुबाई विळ्यानं बारीक करत बसली. "आता नीट तुडवा," म्हणाली मले. एवढंच बोलली, पण बोलली. भिंत सुकेपर्यंत तिच्याच माजघरात कौशल्याची बाज टाकायची, हेही तिनंच ठरवलं. मले विचारलं नाई.

कौशल्या पुंजारामच्या अंगणात, लिंबाच्या सावलीत, गंजीच्या कडेले, कडब्यावर आडवी झाली. मी म्हटलं, उठ, दोन घास खा. पण ती झोपली होती, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपे तशी. मी तिच्याजवळ बसली. भिंत पडाचा आवाज येत होता, माणसं ओरडत होती, तरी पोरगी जागली नाई. फक्त तिचा उजवा हात कडब्यावर गोल गोल फिरत होता. झोपेत फिरत होता, थांबतच नव्हता.

मी तो हात दोन्ही हातात धरला. माह्या मुठीत तो आणखी बराच वेळ फिरत राह्यला. मंग थांबला.